‘छान आहे, लिहीत राहा’ या वाक्याने कुणाची शंका मिटली आहे का?

आलेखवही

चौदा वर्षं मी चादरीची डिझाईन्स काढतो. सुरुवातीला आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने चौकोन भरायचो, आता संगणकावर भरतो. उभी ओळ ताण्याची, आडवी बाण्याची. भरलेला चौकोन म्हणजे जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या, कार्डाला भोक, आणि भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो. एक चौकोन चुकला तर ती चूक चादरीवर एकदाच दिसून थांबत नाही, नक्षी जितक्यांदा फिरेल तितक्यांदा येते. नमुना मागावरून उतरला की जमलं की फसलं ते डोळ्यांसमोर असतं. मग स्वतःवर शंका घ्यायला सवड कुठली?

गोष्टी लिहायला बसलो की सगळं उलटं होतं. आमच्याकडे सोलापुरात दर महिन्याला दहाबारा जण जमून वाचन करतात. मी तिथे तीन कथा वाचल्या. तिन्ही वेळा ‘छान’, ‘भिडली’, ‘लिहीत राहा’. घरी आलो की वाटायचं, हे तर माझ्या आधी वाचणाऱ्यालाही म्हणाले होते. तिसऱ्या कथेनंतर आठ महिने मी एक ओळ लिहिली नाही. वाईट बोललं असतं कुणी तर निदान भांडलो असतो. ‘छान’शी भांडता येत नाही.

मग एकदा सात रस्त्याला चहाच्या गाडीवर आमच्यातले एक काका भेटले. गिरणीत नोकरी करून निवृत्त झालेले, बैठकीत फारसं बोलत नाहीत. म्हणाले, ‘तुझ्या त्या गोष्टीतला माणूस कामावर उभा राहतो आणि मग भोंगा होतो. असं कसं होईल? भोंगा आधी व्हायचा. भोंगा ऐकून तर आम्ही घरातून पळायचो.’ आठ महिन्यांपूर्वी ऐकलेल्या गोष्टीतला भोंगा त्यांच्या लक्षात होता. त्या रात्री मी वही काढली. भोंगा आधी घेतला आणि सगळा प्रसंगच बदलला, कारण आता त्या माणसाला पळत यावं लागणार होतं.

माझं म्हणणं असं की आपल्या बैठकांमधून ‘वा’ बंद करा. ऐकताना एक नेमकी गोष्ट दिसली असेल तर ती सांगा, नसेल तर गप्प बसा. पोकळ कौतुकाने माणसाची शंका वाढते, असं मला अनुभवावरून वाटतं. तुम्हाला?

अशोकचौक

अजिबात पटलं नाही. जरा लांब लिहितो.

आमच्या घरात तेलुगू बोलतात. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. सुपात पानं, कात्री, तंबाखू आणि दिवसाला हजार विड्यांचा हिशेब. मी मराठी कविता लिहायला लागलो तेव्हा गल्लीतली पोरं विचारायची, ‘काय लिहायलास बे, अर्ज?’ घरात कुणी विरोध केला नाही. हे आपल्यातलं काम नाही, एवढं मात्र न बोलता सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

कॉलेजात एका सरांना भीत भीत कविता दाखवली. आज ती वाचली तर लाज वाटेल अशी होती. दोन ठिकाणी लिंग चुकलेलं, कारण तेलुगूत विचार करून मराठीत लिहायचो. सरांनी एकही चूक दाखवली नाही. म्हणाले, ‘छान आहे. लिहीत राहा. पुढची आणली की मला दाखव.’ तुम्ही ज्या वाक्याला पोकळ म्हणताय तेच वाक्य. त्याच्यावर मी वीस वर्षं काढली.

त्या दिवशी सरांनी लिंग सुधारलं असतं तर ते बरोबरच ठरलं असतं, आणि मी पुन्हा त्यांच्या खोलीत गेलो नसतो.

2006 साली आपल्या सोलापुरात साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष कोण, तर इथेच जन्मलेले मारुती चितमपल्ली. आयुष्य वनखात्यात गेलं आणि लिहिलं मराठीत. त्यांची पुस्तकं मी तोवर वाचली नव्हती, खरं सांगतो. पण ते आडनाव आमच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्वभागातल्या दारांवर असतं तसलं आडनाव. फलकावर ते वाचून मला जे वाटलं ते कुठल्याही नेमक्या सूचनेने वाटलं नसतं. कुणी माझ्या कवितेविषयी शब्द बोललं नव्हतं तरी ती मला शाबासकी होती.

तुम्हाला नेमकेपणा हवा आहे, कारण आपलं लिखाण ऐकण्याच्या लायकीचं आहे ही खात्री तुमच्याकडे आधीपासून आहे. ज्याच्याकडे ती नाही त्याला आधी ‘वा’ लागतो.

विंगेतला

मी धागाकर्त्याच्या बाजूने, आणि थोडा पुढे जाऊन.

हौशी नाटकात इतकी वर्षं काढली. स्पर्धेच्या एका नाटकाच्या तालमीला आमचे जुने स्नेही येऊन बसायचे. रोज ‘मस्त चाललंय’. हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग झाला आणि दुसऱ्या अंकाच्या मध्यावर प्रेक्षकांत खोकला सुरू झाला. नाटकवाल्यांना माहीत आहे, थिएटरात एवढा खोकला घशामुळे येत नाही. निकालात आमचं नाव नव्हतं, त्याचं दुःख ओसरलं. पण महिन्याभराने त्याच स्नेह्यांपैकी एक म्हणाले, ‘दुसरा अंक पडतोय हे मला तालमीतच जाणवलं होतं, तुमचा उत्साह मोडायला नको म्हणून बोललो नाही.’ हे मात्र अजून जात नाही. आमच्या हातात तीन आठवडे होते. त्यांनी माझा उत्साह वाचवला आणि नाटक जाऊ दिलं.

शंका मिटवायची कशाला, हाही माझा प्रश्न आहे. तिसरी घंटा होताना आजही माझे तळहात ओले होतात. ज्या दिवशी झाले नाहीत त्या दिवशी मी वाईट काम केलं आहे. शंका असलेला नट पाठांतर पुन्हा तपासतो.

फळाखडू

प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून लहान मुलांवरून बोलते.

कौतुकावर 1998 साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. सोपी कोडी सुटल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू चांगली मेहनत घेतलीस’. पुढे निवड करायला सांगितली तेव्हा हुशार म्हटलेली मुलं बहुतेक सोप्याकडे वळली, आणि अवघड कोडी न सुटल्यावर त्यांची गोडीही जास्त कमी झाली. मेहनतीचं कौतुक ऐकलेली मुलं टिकून राहिली. नंतरच्या काही अभ्यासांत फरक एवढा मोठा दिसला नाही, म्हणून मी याला ब्रह्मवाक्य मानत नाही. वर्गात मात्र रोज पाहते. ‘तू आमची चित्रकार’ म्हटलेली मुलगी पुढच्या तासाला तेच घर, तोच डोंगर, तोच सूर्य काढते. चित्रकारपद जाईल याची तिला धास्ती असते. ‘म्हशीचे पाय चारही दिसतायत, कसे जमवलेस?’ विचारलं की पुढच्या वेळी ती पळणारी म्हैस काढायला बघते आणि ती फसते, आणि तिला त्याचं काही वाटत नाही.

विंगेतला, तुमचं वाचून वाईट वाटलं. पण शंकेचं इतकं गुणगान नको. तळहात ओले होणं वेगळं आणि मुलाने वही दप्तरातच दडवून ठेवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारची शंका काही तपासून घेत नाही, ती नुसती दार लावते. अशा मुलापुढे भोंग्याची चूक काढणारे काका गेले तर वही कायमची बंद होईल.

अशोकचौक

मॅडम, ‘वही दप्तरात’ हे अगदी बरोबर बोललात.

जुळेसोलापूरची

तुम्ही सगळे कौतुक द्यायचं की टीका यावर बोलताय. मला दोन्ही पुष्कळ मिळतात. ‘वहिनी, फार छान लिहिता’ म्हणणारे घरात चार जण आहेत. ‘आज भाकरीचं मी बघतो, तुम्ही लिहा’ म्हणणारं एकही नाही.

रात्री साडेदहाला ओटा पुसून झाल्यावर मी लिहायला बसते. त्या वेळी वाक्य सुचलं नाही की मला वाटतं, आपल्यात दमच नाही. खरं तर मी नुसती दमलेली असते. हे कळायला मला किती वर्षं लागली म्हणून सांगू! मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार, त्यात वीज गेलेली, तर कुणाची प्रतिभा जागी असणार? आणि तरी आपण दोष स्वतःलाच देतो.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या ओव्या म्हणायच्या आणि घरातली मुलं त्या कागदावर उतरवून घ्यायची. 1951 साली त्या गेल्या. मुलाने, सोपानदेवांनी, अत्र्यांना त्या कविता वाचून दाखवल्या, त्यांनी तोंड भरून कौतुक केलं आणि 1952 साली पुस्तक निघालं. एवढ्या मोठ्या माणसाची शाबासकी आली तेव्हा ती ऐकायला बाई नव्हती. तिच्या हयातीत तिच्या उपयोगी पडला तो लिहून घेणारा हात. मला कुणी ‘वा’ म्हणू नका, चूकही काढू नका. माझ्या कथेची हस्तलिखितं पडून आहेत, ती टाईप करून देणारं कोणी असेल तर सांगा.

आलेखवही

ताई, तुमचं वाचून थोडा वेळ उत्तरच सुचलं नाही. मी ज्या आठ महिन्यांचं दुःख इथे मांडलं, त्यातली प्रत्येक संध्याकाळ माझी मोकळी होती. माझ्या भाकऱ्या दुसरं कोणी थापत होतं. हे धागा लिहिताना माझ्या मनातही आलं नाही.

अशोकचौक, तुमच्या सरांबद्दल माझी तक्रार नाही. पण बघा, ते ‘छान’ म्हणून थांबले नाहीत, ‘पुढची आणली की मला दाखव’ म्हणाले. तुम्हाला वीस वर्षं पुरलं ते वाक्य हे असावं. आमच्या बैठकीत ‘छान’ म्हणणाऱ्यांपैकी एकानेही पुढची कथा मागितली नव्हती.

अशोकचौक

मग काकांचंही नीट बघा की. तुमच्या तिन्ही वाचनांना ते आले असणार. बसले, ऐकलं, आठ महिने भोंगा डोक्यात ठेवला. तुमच्यासारखा पोरगा गिरणीवर लिहितोय याचा त्यांना आनंद नसता तर चहाच्या गाडीवर थांबून कशाला बोलले असते? तुम्हाला चूक दिसली, मला त्यात माया दिसते. ती आधी होती म्हणून चूक गोड लागली. हेच वाक्य अनोळखी माणसाने तुमच्या पहिल्या कथेवर म्हटलं असतं तर?

अजून एक विचारतो, राग मानू नका. तुम्ही स्वतः त्या बैठकीत इतरांना काय म्हणता?

आलेखवही

‘छान’ म्हणतो. गेल्या महिन्यात एका मुलाने पहिल्यांदाच कविता वाचली, त्यालाही तेच म्हणालो. खरं तर एक ओळ मला आवडली होती, मोजक्या शब्दांत पावसाची वाट बघणारी. ती त्याला सांगितली नाही, कारण बाकीचे उठायला लागले होते.

बैठकीतून ‘वा’ बंद करा हे मात्र मी मागे घेणार नाही. पहिल्यांदा येणाऱ्याला म्हणा हवं तर. दुसऱ्या वेळेपासून ओळ सांगा.

विंगेतला

मला अजूनही पहिल्या वेळीसुद्धा खरं ऐकायला आवडेल. असो. जुळेसोलापूरची, मी नाटकाच्या संहिता टाईप करतो, हात बसलेला आहे. रोज दोन पानं करून देईन. पैसे नकोत. अक्षर मात्र वाचता येईल असं हवं.

जुळेसोलापूरची

अक्षर रात्री साडेदहाचं आहे. अकरा पानं आहेत, फोटो काढून आजच पाठवते.

विंगेतला

पहिली दोन झाली. दुसऱ्या पानावर सासूबाई शेंगा भाजतात तो परिच्छेद मी पुन्हा वाचला, टाईप करायचा विसरून. आणि पहिल्या पानावर धाकट्याचं नाव आहे ते दुसऱ्या पानावर बदललंय. मुद्दाम आहे की सुधारू?

जुळेसोलापूरची

सुधारा. पहिलंच ठेवा. शेंगांचा परिच्छेद मी काढून टाकणार होते.

अशोकचौक

काढू नका ताई. मलाही पाठवा.