अनुभव धागा : प्रशिक्षणातून शाळेत नेमकं काय पोचलं?

शाळा उघडायच्या सुमारास शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर दोन विषय हमखास पेटतात, बदल्या आणि प्रशिक्षणं. बदल्यांवर बोलून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही, म्हणून इथे प्रशिक्षणांवर बोलू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घ्यावं असं म्हटलंय. तास भरतात, त्याबद्दल वाद नाही. हजेरीपटावर सही होते, पूर्वचाचणी होते, उत्तरचाचणी होते, शेवटी दोघांची मनोगतं आणि आभार. मला विचारायचंय ते पुढचं. त्यातलं काय तुम्ही खरोखर वापरलंत? बंद पडलेल्या प्रोजेक्टरवर आणि न मिळालेल्या टीए-डीएवर लिहायला मनाई नाही, पण एक तरी गोष्ट अशी सांगा जी शाळेत कामाला आली, किंवा यायला हवी होती आणि आली नाही. शिक्षकांनीच लिहावं असंही नाही. लिपिक, शिपाई, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, बसमधल्या मावशी, सगळे या. शाळेचं आणि साहेबांचं नाव मात्र नको.

दगडी पाटी (लातूर, निवृत्त)

आमच्या पिढीने सगळी नावं पाहिली. १९८६ चं धोरण आलं तेव्हा मे महिन्याच्या उन्हात दहा दिवसांची शिबिरं झाली. मग १९९४ ला जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला. राज्यातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत लातूर होतं. आदल्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झालेला, कितीतरी शाळा पत्र्याखाली भरायच्या, आणि आम्ही आनंददायी शिक्षणाची गाणी म्हणत होतो. हसू नका, गाणी टिकली. त्या कार्यक्रमात साहित्य बनवायला शिक्षकामागे वर्षाला ५०० रुपये मिळायचे. स्वतःच्या हाताने कार्डं कापलेला मास्तर ती कार्डं कपाटात ठेवत नाही, वापरतो. वरून आलेली तयार पेटी मात्र डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, चढवली की कुलपात.

पण सगळ्यात लक्षात राहिलं ते २००० सालचं. पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं आणि आम्ही, ज्यांनी स्वतः पाचवीत जाऊन एबीसीडी गिरवली, आता सहा वर्षांच्या पोरांना ती भाषा शिकवणार! प्रशिक्षणात काय, तर ‘स्टँड अप, सिट डाऊन, हॉप लाइक अ फ्रॉग’. पन्नाशीपुढचे धोतर-टोपीवाले गुरुजी केंद्रशाळेच्या (आसपासच्या शाळांच्या गटातली मुख्य शाळा) व्हरांड्यात बेडूकउड्या मारतायत आणि खिडकीतून गावातली पोरं बघतायत. एका गुरुजींनी चक्क अर्ज दिला, ‘गुडघेदुखीमुळे इंग्रजीतून सूट मिळावी’. एवढा तमाशा होऊनही पद्धत खरी होती. पोराने आधी ऐकायचं, ऐकल्याप्रमाणे करायचं, बोलायची सक्ती नाही. महिनाभर वहीच उघडायची नाही. मी निवृत्त होईपर्यंत तसंच शिकवलं. पोरं पाठ म्हणण्याऐवजी समजून हलायची.

नदीपलीकडे (नंदुरबार जिल्हा)

आमची शाळा द्विशिक्षकी. मी प्रशिक्षणाला गेले की चारही वर्ग सरांकडे, सर गेले की माझ्याकडे. सकाळी नऊला तालुक्याला हजर राहा म्हणतात, आमची पहिली एसटीच साडेनऊला पोचते. प्रशिक्षणात विषय कोणता? ‘प्रत्येक मुलाकडे वैयक्तिक लक्ष’. बाकी तुम्हीच समजून घ्या.

मणीमाळ (सातारा)

माझा अनुभव चांगला आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

२०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाचा जीआर (सरकारी आदेश) आला आणि राज्यभरातून गाड्या भरभरून शिक्षक आमच्या जिल्ह्यात कुमठे बीटच्या (बीट म्हणजे शाळांचा गट) शाळा बघायला यायला लागले. बहुतेकांनी फोटो काढले आणि परत जाऊन तिथल्यासारख्या वर्गाच्या फरशा रंगवल्या. फरशी रंगवणं सोपं असतं, कारण ते दिसतं. त्या वर्गांत खरी गोष्ट वेगळी होती, मुलांच्या हातात सतत काहीतरी मोजायला होतं. ते का, हे मला एका साध्या गणित प्रशिक्षणात कळलं.

साधनव्यक्ती, म्हणजे शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या मॅडम आल्या, पीपीटी नाही, काही नाही. फळ्यावर लिहिलं : क ख ग घ च छ ज झ ट. म्हणाल्या, ‘आजपासून एक ते नऊ विसरा, आपले आकडे हेच. आकड्यात भाषांतर करायचं नाही. सांगा, ग अधिक घ किती?’ खोलीत शांतता. वीस-पंचवीस वर्षं शिकवणारी माणसं टेबलाखाली बोटं मोजायला लागली. ‘ज’ असं उत्तर आलं तेव्हा बराच वेळ गेला होता. मग विचारलं, ‘छ वजा ख?’ आता लोक उलटे मोजायला लागले आणि अडकले, कारण क-ख-ग सुलट पाठ असतं, उलट कुणालाच येत नाही. एक सर वैतागून म्हणाले, ‘मॅडम, वेळ द्या की जरा!’ मॅडम शांतपणे, ‘तुम्ही देता का पहिलीला?’

तिथेच सगळं समजलं. क्रम पाठ आहे, पण बेरीज-वजाबाकी अंगात नाही, पहिलीतलं मूल नेमकं या जागी उभं असतं. ते शंभरपर्यंत धडाधड म्हणतं आणि आपण समजतो त्याला संख्या आली. मग मॅडमनी चिंचोके वाटले. ग चिंचोके, घ चिंचोके, एकत्र करा, मोजा. आता उत्तर फटकन. ‘बोटं मोजू नको, तोंडी सांग’ असं म्हणण्याची आमची खोड त्या दुपारी मोडली.

पुढे काड्यांचे गठ्ठे आले. ५२ वजा २७ करताना ‘शेजाऱ्याकडून एक उसना घेतला’ असं आपण सांगतो. उसना कशाचा? मूल प्रत्यक्ष दहाच्या गठ्ठ्याचं रबर काढतं, बारा सुट्या काड्या होतात, त्यातल्या सात बाजूला. परत द्यायचा प्रश्नच नाही, मग उसना कसला! मी आता ‘गठ्ठा सोडला’ म्हणते.

घसा बसलेला (साधनव्यक्ती, विदर्भ)

वरचा अनुभव वाचून बरं वाटलं, कारण एरवी आमच्या वाट्याला शिव्याच. आमची बाजूही ऐका. राज्यस्तरावर तज्ज्ञ शिकतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुक्याचे केंद्राला. प्रत्येक पायरीवर दिवस कमी होतात, पीपीटी मात्र तेवढीच राहते. शेवटच्या पायरीवर मी उभा असतो, घटकसंच, म्हणजे प्रशिक्षणाची पुस्तिका, कधीकधी आदल्या रात्री पीडीएफने येतो. समोर मंगल कार्यालयाएवढा हॉल, माईक खरखरतोय, मागच्या तीन रांगा उत्तरपत्रिका तपासतायत. त्यात ऑनलाइन माहिती भरायची शेवटची तारीख नेमकी त्याच आठवड्यात, त्यामुळे निम्मे मुख्याध्यापक फोनवर.

एक युक्ती सांगतो. जेवणानंतरचं सत्र कधीही व्याख्यानाचं ठेवू नका. त्या वेळी मी गटांना एकच मुलाची वही देतो, नाव काढलेली, आणि विचारतो, ‘याला काय येतं ते शोधा.’ काय येत नाही ते नव्हे. भांडणं होतात, पण झोपत कुणी नाही. आणि माझं स्पष्ट मत आहे, प्रशिक्षणानंतर महिन्याभरात कुणी वर्गात येऊन बसणार नसेल तर ते प्रशिक्षण न घेतलेलं बरं. निदान नदीपलीकडे ताईंचे चार वर्ग तरी नीट चालतील.

जावक क्रमांक (लिपिक, अनुदानित शाळा)

आमच्यासाठी प्रशिक्षण म्हणजे ग्रुपवर पडलेली पीडीएफ आणि खाली ‘अतितात्काळ’. पगाराचं शालार्थ आलं, २०१५ ला विद्यार्थ्यांच्या माहितीचं सरल आलं, शाळांच्या माहितीचं यू-डायस प्लस आलं, मुलांची अपार आयडी आली. प्रत्येक वेळी आधी पोर्टल, मग मुदत, मग मुदतवाढ, आणि शिकवणं कुठेच नाही. आता गंमत बघा. संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवताना, आधार वैध असलेलीच मुलं धरतात. म्हणजे जन्मदाखल्यावर ‘साईनाथ’, आधारवर ‘सायनाथ’ आणि जनरल रजिस्टरला तिसरंच काही असलं की ते पोरगं वर्गात हजर, पटावर हजर, आणि मान्यतेत गायब. अशी दहा-पंधरा नावं अडली की एका शिक्षकाची जागा हलते. हे काम ज्याच्या हातात, त्याला एक दिवस कुणी समोर बसवून शिकवलेलं नाही. मी शिकलो ते शेजारच्या शाळेतल्या लिपिकाकडून, त्याच्या दुचाकीत पेट्रोल टाकून.

लेक लिहितेय (पुणे)

आई शाळेच्या बसवर मावशी आहे. तिने सांगितलं तसं लिहिते. तिच्या शाळेत एकदा ड्रायव्हर, मावशी, शिपाई अशा सगळ्यांना प्रथमोपचार शिकवायला डॉक्टर आले होते. आईला वाटलं पट्टी बांधायला शिकवतील. त्यांनी फिट येण्यावर जास्त वेळ घेतला. जमलेल्यांना विचारलं, काय कराल? उत्तरं एकमुखाने : कांदा हुंगवायचा, चप्पल हुंगवायची, दातात चमचा धरायचा. डॉक्टर म्हणाले, यातलं एकही करायचं नाही. तोंडात काही घालायचं नाही, पाणी पाजायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. आजूबाजूच्या वस्तू सरकवा, कॉलर सैल करा, कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांपुढे गेलं तर थेट १०८. मग एकेकाला जमिनीवर झोपवून कुशीवर वळवायला लावलं. आईने त्या जाड्या ड्रायव्हरकाकांना वळवलं, हे ती अजून अभिमानाने सांगते.

पुढे एक दिवस सिग्नलला बस थांबली असताना तिसरीतल्या एका मुलीला फिट आली. एका मोठ्या मुलाने बूट काढलाच होता. आईने त्याला ‘आत ठेव’ म्हणून दरडावलं, मुलीला सीटमधून खाली घेतलं, वळवलं, दप्तर डोक्याखाली दिलं आणि मोठ्या मुलांना घड्याळ बघायला बसवलं. म्हणजे पोरंही गप्प झाली. दोन-तीन मिनिटांत मुलगी शांत झाली. आईला हजेरीपट, प्रमाणपत्र काही मिळालं नव्हतं, तेव्हा तिचे तास कुणी मोजले असतील असं वाटत नाही.

धुकं आणि डबा (इंग्लंड, टीचिंग असिस्टंट)

इथे वर्षात पाच दिवस असे असतात की शाळा मुलांना बंद आणि स्टाफला चालू. १९८० च्या दशकाच्या शेवटी केनेथ बेकर शिक्षणमंत्री असताना हे सुरू झालं, म्हणून जुनी मंडळी अजून ‘बेकर डे’ म्हणतात. मुलं नसतात हा सगळ्यात मोठा फायदा, मागे वर्ग ओस पडलाय अशी टोचणी नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी मुलांच्या सुरक्षिततेवर सत्र होतं आणि त्यात हेडटीचरच्या शेजारी स्वयंपाकघरातली बाई आणि केअरटेकर बसलेले असतात. मूल काही सांगायला आलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, ‘त्याने असं केलं का?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारायचे नाहीत, आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे, सभ्य न करता, त्याच दिवशी लिहायचे. आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची अशी गोष्ट कळली की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. हे किती शिपाईमामांना माहीत आहे? मूल बरेचदा सांगतं ते त्यांनाच.

पहिला बाक (कोल्हापूर)

समावेशित शिक्षणाचं, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्या वर्गातच शिकवण्याचं प्रशिक्षण. २०१६ च्या कायद्यातले अपंगत्वाचे २१ प्रकार पीपीटीवर, आणि उत्तरचाचणीत त्यांचीच नावं. पाठ केली. चहाच्या वेळी विशेष शिक्षिकेला बाजूला घेऊन विचारलं, माझ्या वर्गात एकाला कमी ऐकू येतं, करू काय? ती म्हणाली, ‘खिडकीकडे पाठ करून उभ्या राहू नका. उजेड मागून आला की तुमचं तोंड काळं दिसतं, त्याला ओठ वाचता येत नाहीत. आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नका.’ दोन वाक्यं. माझं टेबल दुसऱ्या दिवशी हललं. हे त्या पीपीटीत का नव्हतं?

तास भरलेला (सीबीएसई शाळा, पुणे)

आमच्याकडे ५० पैकी २५ तास शाळेतच भरता येतात. म्हणून दर दिवाळीआधी कोट घातलेले एक प्रेरणादायी वक्ते येतात, आम्हाला फुगे फुगवायला लावतात, फोडायला लावतात आणि त्यातून जीवनाचं सार सांगतात. तास भरतो. फुगे मावशी झाडतात.

बारा वर्षं (अहिल्यानगर)

१२ वर्षांनी पगाराची वरिष्ठ श्रेणी, २४ ला निवड श्रेणी, पण प्रशिक्षण झालं तर. ज्यांनी ते काढायचं त्यांनी काढलंच नाही, आणि वाढ अडली आमची. त्यामुळे आमच्याकडे प्रशिक्षणाची वाट फार आतुरतेने बघतात हो, फक्त शिकायला नव्हे.

नदीपलीकडे (नंदुरबार जिल्हा)

मणीमाळ ताई, तुमचा क-ख-गचा खेळ येत्या शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत) घ्यायचा विचार आहे. शून्याला काय ठेवलं होतं? ट नंतर लोक ‘ठ’ म्हणतील ना?

मणीमाळ (सातारा)

म्हणतातच, आणि म्हणू द्यायचं. पहिला तास शून्य काढूच नका. नऊपर्यंत बेरजा झाल्या की छ अधिक झ विचारा आणि चिंचोके मोजायला लावा. कुणी ‘त’ म्हणेल, कुणी ‘ढ’. मग दहाचा एक गठ्ठा करायला सांगा, तो ‘क’, आणि उरलेले सुटे ‘घ’. कघ. चौदा. नंतर नुसता एक गठ्ठा ठेवा, सुटं काही नाही, आणि विचारा, आता हे लिहायचं कसं? आमच्या गटाने रिकाम्या जागेवर फुली मारली. तुमचे गुरुजी काय मारतात ते इथे कळवा. चिंचोके माणशी पंधरा तरी न्या, कमी पडतात.