भाजी चिरली की कापली? समानार्थी क्रियापदांसाठी मदत हवी

निशिगंध
मुलगी सातवीत आहे. सोमवारी मराठीची घटक चाचणी आहे आणि सरावासाठी बाईंनी कागद दिलाय: अधोरेखित क्रियापदाच्या जागी समानार्थी क्रियापद घालून वाक्य पुन्हा लिहा. सुरुवातीची वाक्यं भराभर झाली. पाहिले-बघितले, फेकला-भिरकावला. मग आलं 'आईने भाजी चिरली'. लेकीने लिहिलं, 'आईने भाजी कापली'. शेजारी सासूबाई मेथी निवडत होत्या, त्यांनी तिथेच हरकत घेतली. "कापतात ते कोंबडं. भाजी चिरतात." लेक म्हणते, मैत्रिणींच्या घरी सगळे 'कांदा काप' असंच म्हणतात. मार्गदर्शकात चिरणे = छेदणे असं छापलंय. 'आईने भाजी छेदली' हे काही मला तिच्याकडून लिहून घेववत नाही. चाचणीत काय लिहावं?
पुढची दोन वाक्यंही अडलीत: 'बाबांनी गाडी धुतली' आणि 'मुलांनी लाडू खाल्ले'.

आजोळ
सासूबाईंचं शंभर टक्के बरोबर. माझी आजी 'भाजी काप' म्हटलं की ओरडायची. माझा समज असा, की विळीवर होतं ते चिरणं आणि सुरीने होतं ते कापणं. विळीचं पातं जागेवर असतं, आपण भाजी त्याच्यावर नेतो. ओट्यावर सुरी आली, खाली बसून चिरणं गेलं, आणि क्रियापदही गेलं.

काळी माती
@आजोळ, विळीचा संबंध पटला नाही. लाकूडही चिरतातच, ते करवतीने. आणि पूर्वी खाटकाकडे सुरीच होती, तरी तिथे कधी चिरणं नव्हतं. माझ्या मते हत्याराचा प्रश्न नाही, कर्माचा आहे. समोर काय ठेवलंय त्यावर क्रियापद ठरतं. आमच्याकडे गहू सोंगतात, हरभरा उपटतात, ऊस तोडतात, कापूस वेचतात, ज्वारीची कणसं खुडतात. सगळी पिकं काढण्याचीच कामं, पण गहू वेचला किंवा ऊस खुडला म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

करवंद
कोकणात भात कापतात. सोंगणं हा शब्द मी घाटावर आल्यावर ऐकला.
चिरण्यावरून आठवलं, जांभ्याचा चिरा हाही चिरण्यातूनच आला असावा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात चिरेखाणी आहेत, तिथे जमिनीतून सरळ ठोकळे काढतात.

धातुपाठ
'कापणे'ची गोष्ट फार सुंदर आहे, इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. संस्कृत 'कल्पयति', प्राकृत 'कप्पेइ', मराठी 'कापणे'. म्हणजे 'कल्पना' आणि 'कापणे' एकाच घरातले. कल्प् धातूत नीट बेतणं, योग्य आकाराला आणणं हा अर्थ आहे, त्यातूनच छाटणं-कापणं निघालं. पालीत न्हाव्याला 'कप्पक' म्हणतात. तेव्हा कापणं हे मुळात खाटकाचं काम नव्हे, आकार देण्याचं आहे, आणि सासूबाईंच्या कोंबड्याला व्युत्पत्तीचा आधार नाही.
पण परीक्षेपुरतं सांगायचं तर व्युत्पत्तीपेक्षा वाक्यात घालून बघावं. 'केसाने गळा कापणे' यात चिरणे घालून बघा. नाक कापलं, खिसा कापला, पगारातून पैसे कापले, फीत कापली, अंतर कापलं. एकाही ठिकाणी 'चिरणे' बसत नाही. उलट 'अंधार चिरत गाडी गेली' इथे कापणे अगदीच मिळमिळीत वाटतं. दोघांचं क्षेत्र जिथे एकावर एक येतं तो तुकडा लहान आहे, आणि कांदा नेमका त्या तुकड्यात आहे. मी असतो तर मुलीला पूर्ण गुण दिले असते.

टापटीप
मी देणार नाही. आज 'कापली' चालवून घेतलं की उद्या 'भाजी कट केली' येईल, नव्हे आलंच आहे. स्वयंपाकाचे कार्यक्रम बघा: कट करून घ्या, मिक्स करून घ्या, फ्राय करून घ्या. चिरा, कालवा, परता, तळा हे शब्द डोळ्यांदेखत चाललेत. शाळेनेही सैल सोडलं तर धरून कोण ठेवणार?

काळी माती
कट करण्याबद्दल तुमच्याशी सहमत. पण कापणे मराठीच आहे ना? त्याला कटच्या रांगेत का उभं करता?

धातुपाठ
@टापटीप, परकं क्रियापद आलं म्हणजे भाषा बुडाली असं नसतं. बदलणे अरबीतल्या 'बदल'वरून आलं. खर्चणे, फर्मावणे, आजमावणे, नवाजणे ही फारसीच्या वाटेने आली. सावरकरांच्या भाषाशुद्धीने महापौर, दिनांक, क्रमांक असे उत्तम शब्द दिले, पण ती नामं आहेत. 'बदलणे' घालवायचा प्रयत्न कोणी केला असता तरी तो चालला नसता.

टापटीप
बदलणे आणि कट करणे यात फरक आहे, तो तुम्ही झाकताय. 'बदल'ला मराठीने आपला प्रत्यय लावून घेतला. बदलतो, बदललं, बदलवेना. 'कट'ला तसं कोणी घेतलेलं नाही, नुसतं 'करणे' शेजारी आणून बसवलंय. सगळी क्रिया 'करणे'वर ढकलली की मराठीत एकच क्रियापद उरेल.

धातुपाठ
हा मुद्दा मान्य. पण मग तो संस्कृतलाही लावा. भक्षण करणे, अवलोकन करणे, प्रक्षालन करणे यातही 'करणे'च बसलंय, आणि मार्गदर्शकं समानार्थी म्हणून हेच छापतात.

निशिगंध
हेच विचारणार होते! लाडवाच्या वाक्याला मार्गदर्शकात 'भक्षण केले' दिलंय. लेकीने 'मुलांनी लाडू भक्षण केले' लिहिलं आणि मग स्वतःच म्हणाली, हे 'लाडवांचे भक्षण केले' असं हवं ना? वाक्य बदललं तर चालेल का?

धातुपाठ
मुलीचा कान तयार आहे. 'खाल्ले' हे एकटं क्रियापद, त्याचं कर्म 'लाडू'. 'भक्षण केले' म्हटलं की भक्षण हे नाम मध्ये येतं आणि लाडू षष्ठीत जातो. शाळेच्या व्याकरणात संयुक्त क्रियापद म्हणजे धातुसाधित अधिक सहायक क्रियापद, जसं 'खेळू लागला'. 'भक्षण केले' त्यात बसत नाही. क्रियापदाला क्रियापदच मागायला हवं. 'फस्त केले'चीही तीच अडचण.

आजोळ
मग 'मटकावले' लिहू दे की. किंवा 'हादडले'.

टापटीप
चाचणीत हादडले?

आजोळ
का नको? मराठी नाही का ते? लाडवाच्या ताटापुढे मुलं हादडतातच, भक्षण राक्षस करतात.

रविवारची शाळा
अमेरिकेत आठवड्यातून एकदा मराठी शिकवते. आमच्याकडे उलटा प्रश्न असतो. मुलांकडे 'कापणे' एवढंच येतं, तेही 'कट करणे'ला पर्याय म्हणून. म्हणून मी जोड्या पाठ करून घेणं सोडलं. एक पदार्थ द्यायचा आणि त्याचं काय काय करतात ते सांगायचं. मेथी निवडतात, गवार मोडतात, कोथिंबीर चिरतात, वाल सोलतात, गाजर किसतात, लोणच्याची कैरी फोडतात. ज्यांच्या घरी आजी राहायला आलेली असते ती मुलं यात पुढे असतात. महाराष्ट्रातल्या शिष्यवृत्ती परीक्षेत प्रथम भाषेचे 50 गुण पर्यायी प्रश्नांवर असतात, तिथे अशी तयारी उपयोगी पडेल असं वाटतं. पर्यायांत जवळजवळचे शब्द दिले की नुसती जोडी पाठ असलेलं मूल अडतं. आयआयटी मुंबईत झालेल्या मराठी वर्डनेटमध्ये समान अर्थाचे शब्द गटाने दिलेत, शिक्षकांनी तेही बघावं.

करवंद
कैरी फोडतात, पण नारळ? घरी फोडतात, देवळात वाढवतात. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणायचं. दुकान बंद करायचं तर तेही वाढवायचं. मोडण्या-फोडण्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून अगदी उलट्या अर्थाचा शब्द. 'फोडणे = वाढवणे' हे कुठल्या मार्गदर्शकात सापडेल?

काळी माती
आमच्याकडे देवापुढेही नारळ फोडतोच. निवडणुकीत प्रचाराचा नारळसुद्धा फुटतो.

करवंद
पेपरवाले फोडतात, आमचे गुरव वाढवतात.
आणि झाडावरून? माडावरून नारळ पाडतात. गोव्यात पाडणाऱ्याला 'पाडेली' म्हणतात. हापूस मात्र पाडत नाहीत, झेल्याने, म्हणजे काठीला बांधलेल्या जाळीने, देठासकट काढतात. पाडला तर आपटून डाग पडतो, मग पेटीत घालता येत नाही. तरीही झाडावर पिकायला आलेल्या आंब्याला 'पाडाला आला' म्हणतात. तो 'पाड' पाडण्यातला की वेगळाच?

आजोळ
आपोआप पडायला आला म्हणून पाडाला आला, दुसरं काय.

काळी माती
मला नाही वाटत. आमच्याकडे 'झाडाला पाड लागला' म्हणतात, म्हणजे पाड हे त्या फळाचंच नाव झालं. पडायला आलेला या अर्थाने असतं तर 'लागला' कशाला म्हटलं असतं? @धातुपाठ, तुम्ही बघून सांगा.

निशिगंध
आणि गाडी धुतली?