मदत हवी आहे : देवळातल्या उत्सवात गायलेले गवई नेमके कोण?

रत्नागिरी तालुक्यातील आमच्या गावच्या देवळात, माघातल्या उत्सवात, पं. जितेंद्र अभिषेकी (निधन १९९८) गायले होते आणि आपण ते पुढ्यात बसून ऐकले, असे गावातील काही वृद्ध मंडळी सांगतात. इतर काही जण मात्र ते डॉ. वसंतराव देशपांडे (निधन १९८३) होते, असे तितक्याच खात्रीने म्हणतात. 'घेई छंद मकरंद' हे नाट्यपद रंगले, यावर दोघांचेही एकमत आहे, पण त्यामुळे उलगडा होत नाही, कारण हे पद ज्यातले, त्या 'कट्यार काळजात घुसली' या १९६७ च्या नाटकाचे संगीत अभिषेकीबुवांचे आणि त्यातली खाँसाहेबांची भूमिका वसंतरावांनी गाजवलेली. देवस्थानच्या जमाखर्चाच्या वहीत 'गवई बिदागी', 'तबलजी जाण्यायेण्याचा खर्च' एवढेच मोडी वळणाच्या अक्षरात आहे. नाव नाही, आणि सालाचा कोपरा वाळवीने खाल्लेला आहे. तालुक्याच्या वाचनालयातील जुन्या वृत्तपत्रांच्या फायली पाहिल्या, परंतु त्या सलग नाहीत. ध्वनिमुद्रण झाले नव्हते. मंडपात गॅसबत्त्या होत्या, हे सर्वांना आठवते, म्हणजे गावात तेव्हा वीज आलेली नसावी. ही माणसे आता थकली आहेत, म्हणून हे काम मला लांबवायचे नाही. उत्सवाच्या जुन्या निमंत्रणपत्रिका किंवा कलावंतांच्या दौऱ्यांच्या नोंदी कोणाकडे, कोणत्या संग्रहात पाहायला मिळतील, आणि गावात वीज कोणत्या साली आली, याची अधिकृत नोंद कोणत्या कार्यालयात मागावी?