जत्रेतला बैलबाजार पुन्हा भरवायचाय (इगतपुरी तालुका), जाणकारांनी मदत करा

नमस्कार मंडळी,

आमचं गाव घोटीपासून आत, इगतपुरी तालुक्यात. चैत्रात गावची जत्रा असते. दिवसा पालखी आणि कुस्त्या, रात्री बोहाड्याची, म्हणजे मुखवटे घालून नाचायची, सोंगं. या दिवसांत गावाबाहेरच्या माळावर बैलबाजारही बसायचा. २०२२ ला गुरांचा लम्पी रोग आला, राज्यभर जनावरांचे बाजार बंद झाले. घोटीचा शनिवारचा बाजार पुढे सुरू झाला, पण आमचा माळ तेव्हापासून मोकळाच आहे. यंदा जत्रा कमिटीतल्या आम्ही काही जणांनी बाजार पुन्हा भरवायचं मनावर घेतलंय.

मुख्य कारण डांगी बैल. आमच्याकडच्या पावसात दुसरा बैल टिकत नाही. डांगीची कातडी तेलकट, अंगावरून पाणी निथळून जातं, आणि काळे टणक खूर चिखलणीत दिवसदिवस उभे राहिले तरी खराब होत नाहीत. चैत्रात जोडी घेतली की भाताच्या आवणीपर्यंत (लावणीपर्यंत) ती हाताखाली येते. आठवडे बाजारात व्यापाऱ्याची घाई असते, तासाभरात सौदा उरकतो. जत्रेत बैल मुक्कामाला असतो. घेणारा त्याला संध्याकाळी चारा खाताना बघतो, सकाळी गाडीला जुंपून बघतो. बैल बशा (कामात मध्येच बसणारा) आहे की मारका, हे असं लपत नाही. जाणती माणसं ओठ वर करून दात बघायची, दोनदाती (कोवळा) आहे की जुळलेला (सगळे दात आलेला) ते सांगायची, मग उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरायचा. विकणारा शेजारच्याच गावचा, त्यामुळे फसवाफसवी फार कमी. हे सगळं बंद पडल्यावर पाड्यांवरच्या लोकांनी खोंड (तरणे नर) राखणंच कमी केलंय, याची मला खरी काळजी वाटते.

आता अडचणी. कानात बारा अंकी बिल्ला नसेल तर २०२४ पासून खरेदी-विक्री करता येत नाही, आणि वाड्यापाड्यांवर बऱ्याच जनावरांना तो नाही. लम्पीची लस दिल्यावर अंगात ताकद यायलाही तीनेक आठवडे जातात, म्हणजे बिल्ले आणि लस दोन्ही फाल्गुनातच उरकायला हवं. पशुवैद्यकीय खात्याचं शिबिर थेट पाड्यावर कुणी भरवून घेतलंय का? अर्ज ग्रामपंचायतीच्या नावाने द्यायचा की कमिटीच्या?

त्याहून मोठा प्रश्न पावतीचा. अकोले, त्र्यंबककडून येणाऱ्याला बैल गाडीत घालून न्यायचा, तर खरेदीची पावती आणि डॉक्टरांचा दाखला जवळ लागतो. शिवाय साध्या मालट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरं भरता येत नाहीत, म्हणजे भाडंही अंगावर येतं. रस्त्यात अडवतील या भीतीनेच लोक यायला कचरतात. जत्रेतल्या बाजाराची पावती बाजार समितीच देते, की समितीचा माणूस तेवढ्या दिवसांपुरता माळावर बसवता येतो? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पोरांचा आग्रह बैलगाडा शर्यतीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये शर्यतींवर शिक्कामोर्तब केलंय, त्यामुळे त्यांचं म्हणणं चूक नाही. पण माझ्या मते पहिल्या वर्षी शर्यत नकोच. डांगी हा ओढकामाचा बैल, आणि शर्यत आली की गर्दी, परवानग्या, बंदोबस्त यातच कमिटीचा जीव जाईल. त्याऐवजी अकोले तालुक्यातल्या राजूरच्या डांगी प्रदर्शनासारखी बक्षिसं ठेवावीत, पारा, बहाळा, मणेरा अशा रंगांप्रमाणे गट करून. तिथे निवड कशी होते, आधी खूर बघतात की वशिंड, आणि परीक्षक कोण असतात, हे राजूरकडच्या कुणी सांगितलं तर फार उपयोग होईल. खोंड राखणाऱ्याला वेगळं बक्षीस असावं असं मला फार वाटतं.

पाणी, मांडव, चारा आम्ही बघतोय. पण पावतीचं आणि शिबिराचं उत्तर लवकर हवंय. माघ संपायच्या आत अर्ज गेले नाहीत तर यंदाही हुकेल.