१८० हर्ट्झचा मॉनिटर, खोक्यात केबल मात्र एचडीएमआयची. हे पटतं का?

धागाकर्ता: मुलाने पहिल्या पगारातून मॉनिटर घेतला. २७ इंची, २५६० बाय १४४०, खोक्यावर ठळक अक्षरांत १८० हर्ट्झ, म्हणजे चित्र सेकंदाला १८० वेळा बदलणार. थर्माकोल काढून एकेक वस्तू टेबलावर मांडली: स्टँडची दांडी, बैठक, अ‍ॅडॅप्टर, वॉरंटी कार्ड आणि एक एचडीएमआय केबल. जोडली, चित्र आलं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये पाहिलं तर ६०. वाढवायला गेलो तर यादी १४४ वर संपली. माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं सापडलं, १८० फक्त डिस्प्लेपोर्टवर, म्हणजे एचडीएमआयहून वेगळ्या जातीच्या जोडणीवर. पोराचा चेहरा उतरला. माझं म्हणणं सरळ आहे: खोक्यावर जो आकडा छापता, तो पडद्यावर दिसेल अशी केबल आतच हवी.

जुनाड्रॉवर: अजिबात पटलं नाही. माझ्याकडे एक ड्रॉवर भरून केबली आहेत, निळ्या डोक्याच्या व्हीजीएपासून सगळ्या. त्यातली एकही वापरात नाही. अ‍ॅपलने २०२० मध्ये आयफोन १२ सोबतचा चार्जर बंद केला तेव्हा मीही चिडलो होतो. पण घरातला जुना चार्जर चाललाच की! युरोपात तर डिसेंबर २०२४ पासून फोन चार्जरशिवाय घेण्याची सोय कायद्यानेच द्यावी लागते. बऱ्याच लॅपटॉपना डिस्प्लेपोर्टचं मोठं भोक नसतंच, त्यांनी त्या केबलचं काय करायचं? शेवटी सगळं भंगारात.

दुरुस्तीवाला: मी धागाकर्त्याच्या बाजूने, आणि कारण धंद्यातलं आहे. डिस्प्लेपोर्टच्या २० नंबरच्या पिनवर ३.३ व्होल्ट असतात. नियमाप्रमाणे साध्या केबलमध्ये ही पिन दोन्ही टोकांना जोडायची नसते. काही स्वस्त केबलींत ती जोडलेली निघते, मग मॉनिटरची वीज उलटी ग्राफिक्स कार्डात शिरते. परवा एक गिऱ्हाईक सगळा संच घेऊन आलं. कॉम्प्युटर बंद केला तरी मदरबोर्डवरचा दिवा मिणमिणत होता आणि बटण दाबलं तर मशीन उठत नव्हतं. बिचाऱ्याने पॉवर सप्लायसुद्धा बदलून पाहिला होता. मी फक्त केबल उपटली, पहिल्याच बटणाला मशीन सुरू. कंपनीने तपासलेली केबल आत असती तर त्याचे पैसे वाचले असते.

रेखाटन: केबल चारपाचशेत मिळते हो, मानेचं काय? माझ्या मॉनिटरचा स्टँड नुसता पुढे-मागे कलतो, वरखाली होत नाही. वर्षभर खाली बघून काम केलं आणि मान धरली. शेवटी आर्म घेतला, म्हणजे मॉनिटर हवा तसा हलवायचा टेबलाला लावलेला दांडा. तो बसवायला मॉनिटरच्या मागे १०० बाय १०० मिलिमीटर अंतरावर चार भोकं होती, पण खोलगट खाचेत, आणि एम४ स्क्रू खोक्यात नव्हते. हार्डवेअरच्या दुकानात तीन हेलपाटे घातले. खोक्यात काही द्यायचंच असेल तर आधी नीट स्टँड आणि ते चार स्क्रू द्या.

जुनाड्रॉवर: पिनचं मला माहीत नव्हतं, तो मुद्दा मान्य. तरीही सरसकट प्रत्येक खोक्यात नको. ऑर्डर देतानाच विचारा, कुठली केबल हवी की नकोच. तपासलेली केबल त्याच किमतीत, पण मागेल त्यालाच.

धागाकर्ता: विचारलं असतं तर माझी तक्रारच नव्हती. पण विचारत नाहीत, आणि पहिल्यांदा घेणाऱ्याला काय मागायचं हेच माहीत नसतं. बारीक अक्षरं त्याने खोकं फोडल्यावर वाचायची का? संध्याकाळी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत जातोय. केबल घेताना काय बघू?

दुरुस्तीवाला: पाकिटावर व्हेसा (डिस्प्लेपोर्टचे नियम ठरवणारी संस्था) प्रमाणित असल्याची खूण बघा, लांबी दोन मीटरच्या आत ठेवा. आणि थर्माकोल इतक्यात टाकू नका. पडद्यावर मेलेला ठिपका निघाला तर बदलून देताना बरेच दुकानदार मूळ खोकं मागतात.