गणिताच्या ॲपवर राग आहे, पण तो नेमका कशावर?

शेवटचा बाक (धागाकर्ता)

मी माध्यमिक शाळेत नववी-दहावीला गणित शिकवतो. मागच्या पालकसभेत एका पालकांनी उभे राहून विचारले, "फोनचा कॅमेरा वहीवर धरला की गणित सुटते, मग सर, तुमचे काम काय उरले?" सभा हसली, मीही हसलो. मात्र त्यानंतर या ॲपविषयी आणि ती बनवणाऱ्यांविषयी जे बोलले गेले त्यात ऐकीव गोष्टींचाच भरणा अधिक होता, म्हणून हा धागा.

पहिला समज असा की ॲपच्या पोटात लाखो उत्तरे भरून ठेवलेली असतात आणि फोटो काढला की त्यातले जुळणारे बाहेर येते. काही सेवा खरोखर तशा आहेत. आपल्याकडचे डाउटनट हे प्रश्नाच्या फोटोवरून आधीच चित्रित केलेला व्हिडिओ शोधून देण्यावर वाढले. फोटोमॅथची जात वेगळी आहे. तिथे कॅमेऱ्याने टिपलेल्या रेघोट्यांतून अंक आणि चिन्हे ओळखणे हे एक काम, आणि ओळखलेले समीकरण बीजगणिताच्या नियमांनी पायरीपायरीने सोडवणे हे दुसरे. यातले दुसरे काम पुष्कळ जुने आहे. जेम्स स्लेगल यांनी एमआयटीमध्ये १९६१ साली पीएच.डी.साठी लिहिलेला प्रोग्रॅम कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची संकलनाची (इंटिग्रेशनची) उदाहरणे सोडवत होता. नवलाई होती ती वाचण्यात, आणि चूकही बहुधा तिथेच होते. मुलाने घाईत काढलेले वजाचे चिन्ह कॅमेऱ्याला दिसले नाही, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या निर्दोष असतात आणि उत्तर मात्र भलत्याच गणिताचे असते.

दुसरा समज असा की मुलांनी गृहपाठ उतरवून काढावा एवढ्याच हेतूने कोणीतरी हे बनवले. फोटोमॅथ क्रोएशियातल्या झाग्रेबचे आहे. दामिर साबोल यांच्या मायक्रोब्लिंक या कंपनीचा धंदा छापील मजकूर कॅमेऱ्याने वाचण्याचा होता, आणि ते तंत्र किती चांगले चालते हे लोकांना दाखवण्यासाठी २०१४ मध्ये हे ॲप बाहेर आले. स्वतःच्या मुलांना गणिताच्या गृहपाठात मदत करताना कल्पना सुचल्याचे साबोल यांनी सांगितले आहे. हस्ताक्षर वाचण्याची सोय नंतर, २०१६ मध्ये, आली. पुढे गूगलने ते विकत घेण्याचे ठरवले आणि २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने त्या व्यवहाराला मंजुरी दिली.

माझे म्हणणे एवढेच आहे की नियमांनी सोडवणाऱ्या यंत्राला समीकरण आयते लागते. "वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या चौपट आहे, पाच वर्षांनी ते तिप्पट होईल" हे वाक्य वाचून पाच वर्षे *दोघांच्याही* वयात मिळवायची असतात, हे ज्याला सुचले त्याचे गणित तिथेच झाले. मुलगा १० वर्षांचा आणि वडील ४० वर्षांचे, हा पुढचा हिशेब कोणीही करावा. आपण शाळेत मात्र त्या पुढच्या हिशेबाचाच रतीब घालतो आणि यंत्राने तो केला की रागावतो.

दहावीची आई

सर, तुमचे विवेचन पटण्याजोगे आहे, परंतु ते आमच्या घरातल्या टेबलापर्यंत पोहोचत नाही. माझ्या मुलाच्या वहीत प्रश्न होता: ३क्ष + २य = १२ आणि क्ष − य = −१ ही समीकरणे क्रेमरच्या पद्धतीने सोडवा. त्याने ॲपमधून उतरवले. ॲपने दुसऱ्या समीकरणातून क्षची किंमत काढून पहिल्यात घातली आणि क्ष = २, य = ३ असे अचूक उत्तर दिले. निश्चयक, म्हणजे समीकरणांतल्या संख्यांच्या चौकटी, मांडून त्यांच्या −५, −१० आणि −१५ या किमती काढायच्या होत्या, त्यांचा पानावर मागमूसही नव्हता. शून्य गुण मिळाले, आणि ते योग्यच होते. त्याहून वाईट हे की "उत्तर तर बरोबर आहे ना" असे म्हणून तो आठ दिवस माझ्याशी वाद घालत होता. प्रश्नात काय विचारले आहे ते वाचण्याची सवयच या फोटोने मोडली. ॲपच्या पोटात काय आहे याविषयी माझा गैरसमज असेलही, माझ्या मुलाविषयी नाही.

पायरीवाली

मी अशाच एका ॲपसाठी तीन वर्षे पायऱ्या लिहिण्याचे काम केले आहे. कंपनीचे नाव सांगत नाही, आणि ती वर उल्लेखलेल्यांपैकी नाही. लोकांना वाटते की तिथे केवळ संगणकवाले बसतात. आमच्या खोलीत सहापैकी चार जण पूर्वी शिकवणी घेणारे होते. उत्तर काढणे यंत्राला कधीच जड गेले नाही. कोणती पायरी दाखवावी आणि कोणती गाळावी यावर मात्र आमची भांडणे होत.

साधे उदाहरण घ्या: क्ष² = ३क्ष. दोन्ही बाजूंना क्षने भागले की झटकन ३ मिळतात आणि शून्य हे दुसरे उत्तर गुपचूप हरवते. म्हणून सगळे एका बाजूला आणून अवयव पाडावे लागतात, आणि "भागायचे का नाही" हे सांगणारी ओळ कोणीतरी माणसाने लिहावी लागते. पद "पलीकडे नेले की चिन्ह बदलते" असे लिहावे, की "दोन्ही बाजूंतून ५ वजा करू" असे, यावर आमचा अख्खा दिवस गेला होता. भास्कराचार्यांच्या बीजगणितात समीकरणाच्या बाजूंना पक्षच म्हटले आहे, तेव्हा पलीकडे नेणे हे पक्षांतर झाले; आणि पक्षांतर केले की चिन्ह बदलते हे महाराष्ट्रातल्या मुलांना वेगळे समजावून सांगावे लागू नये. अखेर आम्ही "वजा करू" ठेवले, कारण त्यात का हे दिसते.

ताई, तुमच्या मुलाच्या बाबतीत दोष आमचाच आहे. प्रश्नातले शब्द सोडून फक्त समीकरण उचलायचे, असेच ते यंत्र घडवलेले असते. क्रेमरची पद्धत त्याला येत नाही असे नाही; ती विचारली आहे हे त्याला कळत नाही.

कोरा कागद

बनवणारे भले लोक आहेत हे मी क्षणभर मान्य करतो, कारण त्याने काहीच सिद्ध होत नाही. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर २०२३ मध्ये प्रयोग झाला. ज्यांना सरावाच्या वेळी साधा चॅटबॉट दिला, त्यांनी सरावात इतरांपेक्षा ४८ टक्के सरस काम केले. तो काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा हीच मुले, ज्यांना काहीच दिले नव्हते त्यांच्यापेक्षा १७ टक्के मागे पडली. आयत्या पिठावर रेघोट्या ओढण्याचे हे मोजलेले फळ आहे. शिवाय सविस्तर स्पष्टीकरणासाठी वर्गणी मागणाऱ्या कंपनीला, मूल लवकर शिकून ॲप सोडून गेले, तर त्यात कोणता आनंद असणार? क्लासवाल्यांना आपण हाच प्रश्न विचारतो, तर यांना का नाही?

पायरीवाली

तो प्रयोग अर्धाच सांगितलात. त्यात तिसरा गटही होता. त्या गटाच्या चॅटबॉटला शिक्षकांनी आधी तयार केलेल्या सूचना दिलेल्या होत्या आणि थेट उत्तर न देता इशारा देण्यास सांगितले होते. त्या गटाने सरावात १२७ टक्के सरस काम केले आणि परीक्षेत त्याचे ते नुकसान जवळपास दिसले नाही. शिवाय तो भाषेच्या अंदाजावर चालणारा चॅटबॉट होता, नियमांनी सोडवणारे ॲप नव्हे. या दोन्हींना एकच समजणे हाही एक गैरसमजच आहे. वर्गणीविषयीचे तुमचे म्हणणे मात्र खोडता येत नाही. "मूल रोज परत आले का" हा आकडा आमच्याकडे दर सोमवारी पाहिला जाई. "मूल शिकले का" हा आकडा कोणाकडेच नव्हता.

कोरा कागद

नुकसान दिसले नाही, तसा परीक्षेत फायदाही दिसला नाही. सरावातले १२७ टक्के परीक्षेच्या दाराशी कुठे गेले?

गाईडच्या काळातला

आमच्या वेळी गाईड होते, पुस्तकाच्या शेवटी उत्तरसूची होती आणि शेजारच्या हुशार मुलाची वही होती. उत्तर आधी पाहून गणित मागून जुळवण्याची कला आम्ही कोणत्याही ॲपविना आत्मसात केली होती. फरक एवढाच की गाईडमधून उतरवायला निदान अर्धा तास हात दुखत असे.

शेवटचा बाक

कोरा कागद, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आईंच्या प्रश्नावर मात्र मी एक गोष्ट करून पाहिली. त्यांनी दिलेली समीकरणांची जोडीच या सोमवारी वर्गात फळ्यावर लिहिली, खाली उत्तरही लिहिले, आणि सांगितले की यावरून शाब्दिक उदाहरण तयार करा; वेळ पंधरा मिनिटे, फोन नाही. चाळीसपैकी अकरा जणांनाच ते जमले. एरवी बीजगणितात पस्तीसच्या पुढे न जाणाऱ्या एका मुलीने लिहिले: "तीन वह्या आणि दोन पेन यांची किंमत १२ रुपये आहे. वही पेनापेक्षा १ रुपयाने स्वस्त आहे." मी ते फळ्यावर घेतले. मागून एकाने लगेच हात वर केला: "सर, दोन रुपयांना वही कुठे मिळते?"

दहावीची आई

आणि उरलेले एकोणतीस?

शेवटचा बाक

त्यांच्यापैकी बहुतेकांनी फळ्यावरची समीकरणे सुवाच्य अक्षरात उतरवून, ती सोडवून दाखवली होती.