थाई डिक्शनरी हवी, मोठ्या टायपातली

मंडळी, मदत हवी आहे. आमची आत्या रत्नागिरीत असते, थाई शिकतेय पण नजर अधू, चष्मा नवीनच केलाय त्यामुळे ते सुचवू नका. थाईत स्वर आणि टोनच्या खुणा अक्षराच्या वर-खाली बसतात, कधी एकावर एक, आणि बारीक छपाईत नेमक्या त्याच गायब होतात. खिशातली डिक्शनरी म्हणजे मुंग्यांची रांग! झेरॉक्स मोठी करून पाहिली तर पातळ कागदामुळे मागचं पान उमटतं, भिंगात दोन-तीनच अक्षरं मावतात. अ‍ॅप नको, स्क्रीनने डोळ्यांतून पाणी येतं. थाई-इंग्लिश चालेल, शब्द कमी असले तरी चालतील, पण थाई लिपी हवीच आणि तीही अक्षरांना गोल गाठी असलेल्या जुन्या वळणाची. १६ पॉइंटच्या आसपास छापलेली कुठली आहे, आणि कुरिअरने रत्नागिरीला कोण पाठवेल?